आटलेल्या धरणाचे वाटेकरी

दर वर्षी १५ ऑक्टोबरला महाराष्ट्रातल्या धरणांत किती पाणी आहे, याची नोंद होते आणि त्या आकड्यावर पुढच्या आठ महिन्यांचे नियोजन बेतले जाते. आधी पिण्यासाठीचे आरक्षण वजा होते. मग उन्हाने उडून जाणारे पाणी वजा होते, मग उद्योगांचा वाटा. उरलेल्या पाण्यात रब्बीची किती आणि उन्हाळ्याची किती आवर्तने बसतात, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. बैठकीला मंत्री असतात, आमदार असतात, कारखान्यांचे संचालक असतात, जलसंपदा विभागाचे अभियंते असतात. पाऊस चांगला झाला असेल तर ही बैठक तासाभरात आटोपते. पाऊस कमी झाला असेल तर तिथे आवाज चढतात, कालव्याच्या शेवटच्या टोकाची गावे रस्त्यावर येतात, न्यायालयात याचिका दाखल होतात.

या साऱ्या प्रश्नाचा आढावा घेताना एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या बैठकीत ज्या पाण्याचे वाटप होते, त्यातले बरेचसे आधीच वाटून गेलेले असते. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेला आडसाली उसाचा फड दीड वर्ष शेतात उभा राहणार असतो. त्याला पाणी द्यायचे की नाही, हा प्रश्न ऑक्टोबरमध्ये खुला नसतो. नाही म्हणायचे तर उभे पीक जाळायचे, एवढाच त्याचा अर्थ उरतो. धरणाच्या फुगवट्यावर बसवलेल्या मोटारी, लाभक्षेत्रातल्या विहिरी, औद्योगिक वसाहतींशी झालेले करार, हे सगळे वाटेकरी बैठकीच्या आधीपासून पाण्यापाशी बसलेले असतात. दुष्काळात वाटपाची भांडणे होतात ती या आधीच्या वाटपाला कोणी हात लावत नाही म्हणून.

हे कसे घडले, याचा इतिहास नीरा कालव्यापासून सांगावा लागतो. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर इंग्रज सरकारने दख्खनमध्ये दुष्काळनिवारणासाठी कालवे काढले. नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. शेतकरी मात्र पाऊस बरा झाला की कालव्याचे पाणी घेत नसत आणि पाऊस हुकला की सगळे एकदम मागत. ज्वारी-बाजरीच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते अगदी शहाणपणाचे होते, पण त्यातून पाणीपट्टी वसूल होईना. सरकारला वर्षभर पाणी विकत घेणारे पीक हवे होते, आणि ते उसात सापडले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी ब्लॉक पद्धत सुचवली. तिच्यात शेतकऱ्याला अनेक वर्षांसाठी पाण्याची हमी होती, पण ठरलेल्या क्षेत्राच्या फक्त एका भागातच ऊस आणि बाकीच्यात हंगामी पिके, अशी अट होती. पाणी जास्त गावांत पसरावे, हा तिचा हेतू होता. हमी टिकली, अट सैल होत गेली. १९५० नंतर प्रवरानगरपासून सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली आणि तिने ग्रामीण महाराष्ट्राला पैसा, शाळा, दवाखाने, नेतृत्व सगळे दिले. त्याच वेळी दुष्काळासाठी काढलेले कालवे, ज्याला एकही पाळी चुकलेली चालत नाही अशा पिकाशी बांधले गेले. केंद्रीय कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या अहवालांत आलेला आकडा पुन्हापुन्हा सांगितला जातो: राज्याच्या पेरणीक्षेत्रातल्या जेमतेम चार टक्क्यांवरचा ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी घेतो. टक्केवारीवर तज्ज्ञांत वाद आहेत. दिशेवर फारसा वाद नाही.

पाणी आधी कोणाला, हे कागदावर स्पष्ट आहे. पिण्याचे पाणी पहिले, यावर कधीच मतभेद नव्हता. दुसरा क्रमांक मात्र बदलत राहिला. २००३ च्या राज्य जलनीतीत उद्योग शेतीच्या वर होते. धरणांचे पाणी शहरांकडे आणि कारखान्यांकडे वळवण्याच्या निर्णयांवर बरीच टीका झाल्यावर २०११ मध्ये शेती दुसऱ्या क्रमांकावर आली. पण प्राधान्यक्रम लिहिला म्हणजे प्रश्न सुटत नाही, कारण पिण्याच्या पाण्याची अडचण प्रमाणाची कमी आणि वाहतुकीची व वेळेची जास्त असते. साधा हिशेब मांडून पाहावा. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३१ कोटी लिटर. माणशी रोज ५५ लिटर धरले तर एवढ्या पाण्यात १४ लाख लोकांचे वर्ष निघते. तेच पाणी प्रवाही पद्धतीने उसाला दिले, हेक्टरी २० ते २५ हजार घनमीटर धरले आणि कालव्यातली गळती अजिबात मोजली नाही, तर ११०० ते १४०० हेक्टर भिजते. म्हणजे बहुतेक तालुक्यांची पिण्याची गरज धरणाच्या मानाने अगदी लहान असते. तरीही एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. त्याआधीच शहरातल्या पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. लातूरला पाणी देणारे मांजरा धरण एका उन्हाळ्यात आटले नव्हते. आधीची वर्षेही तुटीची होती. पण त्या तुटीच्या वर्षांतही मांजरेच्या खोऱ्यात ऊस उभा होता आणि कारखाने गाळप करीत होते. लातूरसाठी पाणी राखायचा निर्णय दोन वर्षे आधी घ्यायला हवा होता.

उजनी धरणाची गोष्ट वाहतुकीची आहे. सोलापूर शहरासाठी भीमेच्या पात्रातून पाणी सोडले जाई, ते औज बंधाऱ्यापर्यंत पोहोचवायचे तर शहराच्या गरजेच्या कितीतरी पट पाणी धरणातून काढावे लागे. वाटेत कोरडे पात्र पिते, काठचे पंप पितात, बंधारे भरतात. त्या पाण्यावर काठचे शेतकरी विसंबून राहिले, म्हणून बंद नळाची समांतर योजना केवळ शहराचा प्रश्न राहिली नाही. शहराचे पाणी नळातून गेले की नदीत पिण्याच्या नावाने येणारे आवर्तन कमी होणार, ही काठची भीती खरी आहे. पिण्याच्या पाण्याआड शेतीचे अघोषित वाटप किती दडलेले असते, ते इथे उघड होते. शिवाय उजनीच्या एकूण ११७ टीएमसी साठ्यातले निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यात आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून धरण उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेले. मृतसाठा हा खरा तर संकटासाठीचा शेवटचा ठेवा. तो दर तुटीच्या वर्षी नियमाने वापरला जाऊ लागला, तर सलग दुसरा दुष्काळ आल्यावर हातात काहीच राहत नाही.

आता गोदावरीकडे वळू, कारण तुटीच्या वाटपाचा कायदेशीर नियम देशात क्वचितच इतक्या स्पष्टपणे लिहिला गेला असेल. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ मध्ये झाला. त्याच्या कलम १२(६)(ग) चा आशय असा की, खोऱ्यातल्या सर्वांनी तुटीचा भार समन्यायाने वाटून घ्यावा आणि त्यासाठी खरिपाचा वापर जमेस धरून ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांतल्या साठ्याची टक्केवारी जवळपास सारखी राखावी. कलम लिहिले गेले, पण ते अंमलात कसे आणायचे हे कोणी ठरवले नव्हते. २०१२-१३ चा दुष्काळ आला. पैठणचा नाथसागर, म्हणजे ७६.६५ टीएमसी उपयुक्त साठ्याचे जायकवाडी, मृतसाठ्यात गेले. त्या वेळी नाशिक आणि नगर जिल्ह्यांतल्या धरणांत पाणी होते. जायकवाडीवर विसंबलेल्या मराठवाड्याने कलमावर बोट ठेवले. हिरालाल मेंढेगिरी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला: जायकवाडीचा साठा ऑक्टोबरमध्ये ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या कोणत्या धरणसमूहाने कोणत्या परिस्थितीत किती पाणी सोडावे, याचे तक्ते त्यात होते. प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश काढला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि सप्टेंबर २०१६ च्या निकालाने समन्यायी वाटपाचे तत्त्व कायम ठेवले. २०१५ मध्ये १२.८४ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश झाला, २०२३ मध्ये सुमारे ८.६ टीएमसीचा.

दोन्ही बाजूंचे म्हणणे नीट ऐकले पाहिजे. वरचे शेतकरी म्हणतात, भंडारदरा १९२६ चे आहे, आमचे हक्क जुने आहेत. जायकवाडीचा जलाशय सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरलेला आणि उथळ आहे, तिथे पाणी नेणे म्हणजे ते उन्हात वाळत घालणे. फुगवट्यावरून होणारा बेसुमार उपसा आधी थांबवा. खालचे म्हणतात, जायकवाडीला मान्यता मिळाल्यानंतर वर धरणांमागून धरणे वाढत गेली, आमच्या वाट्याचा येवा वरच अडला. अभियंत्यांनीही पुढे मान्य केले की, प्रकल्प आखताना धरलेला येवा प्रत्यक्षात मिळणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त होता. कागदावर असलेले आणि नदीत नसलेले हे पाणी वर आणि खाली, दोन्हीकडे वाटून टाकले होते. सगळ्या भांडणाचे मूळ मला तिथे दिसते. कमी पावसाच्या वर्षी ते उघडे पडते, एवढेच.

पाणी सोडण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. आदेश निघेपर्यंत नोव्हेंबर उजाडतो, कधी डिसेंबर. तोवर पात्र कोरडे ठणठणीत झालेले असते. वाटेतल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, काठच्या गावांची वीज तोडावी लागते, पोलीस बंदोबस्त लावावा लागतो. सोडलेले आणि पोहोचलेले यांत मोठी तफावत राहते आणि प्रत्येक बाजू ती आपल्या मुद्द्याला पुरावा म्हणून वापरते. हेच पाणी सप्टेंबरमध्ये, नदी वाहती असताना खाली गेले असते तर गळती कितीतरी कमी झाली असती. पण सप्टेंबरमध्ये परतीचा पाऊस येईल ही आशा असते आणि वरची धरणे भरून ठेवण्याकडेच सर्वांचा कल असतो. मेंढेगिरी अहवालाच्या फेरविचारासाठी पुढे प्रमोद मांदाडे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला, आणि ६५ टक्क्यांची रेषा खाली आणावी का, हा वाद पुन्हा पेटला. रेषा कुठेही असो, ती पावसाळ्यातच लागू व्हावी, हा बदल मला टक्क्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

खोऱ्यातून कालव्यावर आलो की तोच प्रश्न चारीवर दिसतो. शेतकऱ्याने ७ नंबरचा अर्ज भरायचा, मंजुरी घ्यायची, पाळीपत्रकाप्रमाणे पाणी घ्यायचे, ही शेजपाळीची पद्धत. नियम चांगला आहे. पण आवर्तन कमी दिवसांचे झाले की कालव्याच्या सुरुवातीचे शेतकरी रात्रंदिवस पाणी घेतात, दारे मोडतात, थेट कालव्यात पाइप टाकतात. पाटकऱ्यांची पदे रिकामी असतात. शेवटच्या टोकाला, म्हणजे टेलला, पाणी पोहोचायच्या आत कालवा बंद होतो. तुटीत वाटप सारखे व्हायचे तर मोजून द्यायला हवे, आणि हेक्टरावर आकारणी असेपर्यंत कोणीच मोजत नाही. म्हणून २००५ चाच दुसरा कायदा, शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतीचे व्यवस्थापन करण्याचा, मला जास्त आशादायक वाटतो. पाणीवापर संस्थेला घनमापाने कोटा, तूट आली तर सर्वांच्या कोट्यात त्याच प्रमाणात कपात, आणि वाटप शेवटच्या टोकाकडून वर. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर हे कायद्याच्या आधीच घडत होते. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने १९९० नंतर टेलच्या गावांपासून सुरुवात केली, आणि पुढे संपूर्ण प्रकल्प शेतकऱ्यांच्या संस्थांनी चालवायला घेतला. तिथे पाणी मोजून मिळते, कोणते पीक घ्यायचे ते शेतकरी ठरवतो, आणि विहिरीचे पाणी हिशेबाबाहेर राहत नाही. राज्यात अशा संस्था हजारोंनी नोंदल्या गेल्या. मोजमापाची साधने चालू असलेल्या आणि निवडणुका वेळेवर होणाऱ्या फार थोड्या आहेत.

कालवा नसलेल्या गावांत, म्हणजे राज्याच्या मोठ्या भागात, दुष्काळाचे वाटप तहसील कार्यालयात होते. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असा तीन टप्प्यांचा टंचाई आराखडा असतो. विंधन विहीर दुरुस्ती, तात्पुरती नळयोजना, खासगी विहिरीचे अधिग्रहण आणि अखेरीस टँकर. ग्रामीण भागात टँकरचे माप माणशी २० लिटर आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात सहा हजारांहून जास्त टँकर राज्यात धावत होते. टँकरने जीव वाचतात, आणि ज्या बाईने दोन किलोमीटरवरून हंडे आणले आहेत तिला त्याची किंमत सांगावी लागत नाही. पण टँकर भरायला जी विहीर अधिग्रहित होते, तिच्या शेजारच्या विहिरीवरून बागेला पाणी चालूच असते. इथे कायदा हात बांधून उभा नाही. १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर खणायला बंदी केली आणि टंचाई जाहीर झाल्यावर आसपासचा उपसा रोखण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला. हा अधिकार क्वचितच वापरला गेला. २००९ च्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळून तो लागू व्हायला २०१४ उजाडले. खोल विंधन विहिरींवर नियंत्रण, पाणलोटनिहाय समित्या, अधिसूचित क्षेत्रात पीक आराखडा, सगळे त्यात आहे. गावात सरपंच, तलाठी आणि विहिरीचा मालक एकाच भावकीतले असतात, तिथे बाहेरून आलेला आदेश अंमलात येणे अवघड, हे मान्य करावे लागेल. त्यात राज्याचा ८० टक्क्यांहून अधिक भाग बेसॉल्टचा. या खडकात पाणी भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात राहते, साठा थोडा आणि वर्षापुरता. सातशे फुटांवर लागलेले पाणी बहुधा जुने, पुन्हा लवकर न भरणारे असते. एकाने खोल बोअर घेतले की शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते, आणि हे वाटप कोणत्याही कागदावर येत नाही.

मग गावाने आपापसात ठरवलेले नियम चालतात का? चालतात, पुरावा जुना आहे. धुळे-नाशिककडच्या पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतके फड पद्धत चालत आली. बंधाऱ्याखालच्या शिवाराचे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे आणि पाणी कमी असेल तर त्या वर्षी कमी फड भिजवायचे. प्रत्येकाची जमीन बहुधा प्रत्येक फडात असल्याने तूट आपोआप सर्वांत वाटली जाई. वरच्या बाजूला धरणे झाली, विहिरी वाढल्या आणि पद्धत मोडत गेली. हिवरे बाजार या गावाने १९९० च्या दशकात वेगळ्या वाटेने तेच साधले. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, आणि पावसाळा संपला की ग्रामसभेत पाऊस व विहिरींची पातळी पाहून रब्बीत काय पेरायचे ते ठरवायचे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाची महती सगळे सांगतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती बैठकीची तारीख. तिथे हिशेब पेरणीच्या आधी होतो. अटल भूजल योजनेने पाण्याचा ताळेबंद हजारभर गावांत नेला. ताळेबंद मांडल्यावर पीक बदलण्याचा ठराव होतो का, आणि तो पाळला जातो का, यावर तिचे यश ठरेल.

ऊस बंद करा, असे म्हणणे सोपे आहे आणि अपुरे आहे. उसाला निश्चित भाव आहे, कारखाना तोड करून नेतो, गारपीट-अवकाळीत तो टिकतो. ज्वारी-हरभऱ्याला यातले काहीच नाही. प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्याने बारमाही पिकाला कालव्याचे पाणी द्यायचे तर ठिबक हवे, असे म्हटले होते. ती तरतूद जशीच्या तशी अंमलात आली असती, तरी उसाचे क्षेत्र आवरले नसते तर वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लागला असता. तूर, करडई, ज्वारी यांची हमी खरेदी लाभक्षेत्रात नीट झाली, तर कालवा सल्लागार समितीचे अर्धे काम हलके होईल, असे मला वाटते. पीकविमा आणि कर्जाच्या अटीही त्याच बाजूला वळायला हव्यात. सहकारी बँकांचे पीककर्ज आज उसाला सहज मिळते.

शेवटी एक प्रश्न उरतो, जो सरकारी आढाव्यांत येत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात पाणी पंचायत सुरू केली. तिचे नियम होते: पाणी जमिनीप्रमाणे नव्हे तर माणसांप्रमाणे, माणशी अर्धा एकर, पाच माणसांच्या कुटुंबाला अडीच एकर, ऊस नाही, जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही, आणि भूमिहीनालाही हिस्सा. पुढे दक्षिण महाराष्ट्रात मुक्ती संघर्ष चळवळीने येरळेवरच्या बळीराजा धरणातून आणि आटपाडीत नागनाथ नायकवडी व भारत पाटणकर यांच्या पाणी परिषदांनी हीच मागणी मोठ्या उपसा योजनांपर्यंत नेली. कायद्याने यातली समन्यायाची कल्पना धरणा-धरणांमध्ये स्वीकारली, शेतकरी-शेतकऱ्यांमध्ये थोडीशी, आणि जमीन नसलेल्या माणसापर्यंत ती आणलीच नाही. पाणीवापर संस्थेचा सभासद व्हायला लाभक्षेत्रात जमीन लागते. आवर्तन रद्द झाले की पेरणी थांबते, खुरपणी थांबते, आणि सगळ्यांत आधी मजुराचा रोजगार जातो. त्याच्या शेळ्या-गुरांना चारा उरत नाही, आणि तो ऊसतोडीला निघून जातो, बहुधा त्याच उसाच्या पट्ट्यात. तुटीच्या वर्षी धरणातला एक छोटा हिस्सा गावाच्या सामायिक चाऱ्यासाठी आणि भूमिहीन कुटुंबांच्या गटशेतीसाठी ठेवला, तर तो किती असावा आणि कोणी सांभाळावा, हे ठरवायला जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाला बहुधा नवा कायदा लागणार नाही. कोट्याचे निकष ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे २००५ पासून आहे.